'तो' म्हणजे पाणी

नावाहो भाषेत पाण्याला 'तो' म्हणतात. मराठी कानाला हे जरा गमतीचं लागेल, पण एवढा एक शब्द लक्षात ठेवून अमेरिकेच्या नैऋत्य कोपऱ्याचा नकाशा उघडावा. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला नावाहो नेशन हा प्रदेश तिथे दिसेल. त्यातल्या ट्युबा सिटी या गावाचं मूळ नाव तो नानीस्दिझी, म्हणजे पाण्याचे प्रवाह एकमेकांत गुंतलेली जागा. कायेंटाचं मूळ नाव तो दिनीशझी, म्हणजे पाणी हाताच्या बोटांसारखं फाकत जातं ती जागा. तोहाची म्हणजे जिथे हाताने उकरून पाणी काढतात ते ठिकाण. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणतात, तेच हे.

माणसंही पाण्यावरून ओळख सांगतात. नवख्या माणसाला भेटल्यावर नावाहो व्यक्ती स्वतःच्या नावाबरोबर चार कुळं सांगते: आईचं, वडिलांचं, मग दोन्हीकडच्या आजोबांचं. या कुळांमध्ये 'कडू पाण्याचे', 'मोठ्या पाण्याचे', 'पाण्याजवळचे', 'दोन प्रवाह मिळतात तिथले' अशी नावं आहेत. ('नावाहो' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला डिने म्हणवतात, म्हणजे नुसतं 'माणसं'.)

आणि हे सगळं अशा मुलखात, जिथे बहुतेक ठिकाणी वर्षाला १५० ते २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ज्याला पर्जन्यछायेचा दुष्काळी पट्टा म्हणतो, तिथेही याच्या दुप्पट पडतो. सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडा लहान असा हा प्रदेश. त्याच्या उत्तरेकडून सान हुआन नदी वाहते, नैऋत्येकडून लिटल कोलोराडो, पश्चिमेच्या काठाने खुद्द कोलोराडो. मधल्या भागात बारमाही नदी जवळपास नाहीच. मग गावांना आणि कुळांना नावं देणारं हे पाणी कुठे आहे? थोडक्यात सांगायचं तर खडकात. पण ते तिथे कसं गेलं आणि आज नळाला का येत नाही, हे समजायला आधी आभाळापासून सुरुवात करावी लागते.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उकाडा येतो. इथे तशी गफलत करू नये. हा सगळा प्रदेश कोलोराडो पठारावर आहे, बहुतेक जागा दीड ते दोन हजार मीटर उंचीच्या. नावाहो नेशनची राजधानी विंडो रॉक आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा चारशेहून जास्त मीटर उंच आहे. चुस्का डोंगररांग तर तीन हजार मीटरला टेकते आणि तिच्या माथ्यावर पाइनची जंगलं आहेत. उन्हाळ्यात दिवसा भाजून निघतं, हिवाळ्यात रात्री सगळं गोठतं. कोरडेपणाचं कारण ओळखीचंच आहे: दक्षिणेकडून येणारं बाष्प मोगोलॉन रिम नावाच्या उंच कड्यावर आधी रिकामं होतं आणि त्याच्या मागे राहिलेल्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. सह्याद्री आणि माण-खटावचं जे नातं, तेच.

पाऊस दोन हप्त्यांत येतो. जुलै ते सप्टेंबर वादळी सरी, ज्यांना तिथेही मॉन्सूनच म्हणतात; आणि हिवाळ्यात बर्फ. नावाहो लोक मात्र ऋतूपेक्षा पावसाच्या स्वभावाकडे बघतात. गडगडत येऊन धो धो कोसळणारा आणि तासाभरात निघून जाणारा तो नर पाऊस, 'निल्त्सा बिका'. संथपणे, आवाज न करता तासन् तास पडत राहणारा तो मादी पाऊस, 'निल्त्सा बिआद'. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. शिवाय आपल्या भाषेतही पाऊस 'तो' असतो आणि सर 'ती'.

हा भेद केवळ काव्य नाही, त्यात जलविज्ञान आहे. नर पाऊस उघड्या, तापलेल्या, झाडोरा नसलेल्या जमिनीवर आदळतो. मुरायला त्याला वेळच मिळत नाही. तो धावत सुटतो. एरवी कोरडे ठणठणीत असलेले वाळूचे ओढे, ज्यांना तिथे 'वॉश' म्हणतात, काही मिनिटांत तांबड्या चिखलाच्या लोंढ्याने भरतात. आणि लोंढा येताना तिथे पाऊस पडत असायलाच हवा असं नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीत ११ पर्यटक वाहून जाऊन मेले. वादळ झालं होतं ते घळीपासून कितीतरी किलोमीटर वर. आज त्याच घळीचे गुळगुळीत, केशरी वळणांचे फोटो जगभर मोबाइलच्या वॉलपेपरवर असतात. ती वळणं अशाच लोंढ्यांनी घासून काढलेली आहेत.

या लोंढ्याचं सगळ्यात देखणं रूप लिटल कोलोराडोवर दिसतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जवळच्या ज्वालामुखीचा लाव्हा वाहत येऊन नदीच्या दरीत ओतला गेला आणि नदीची वाट अडली. नदी लाव्ह्याला वळसा घालून पुन्हा आपल्याच दरीत पडू लागली. हा ग्रँड फॉल्स, सुमारे ५५ मीटर उंच, नायगाऱ्याहूनही थोडा जास्त. वर्षातला बराच काळ तो कोरडा असतो. बर्फ वितळलं किंवा वादळ झालं की त्यावरून दुधाळ चॉकलेटच्या रंगाचं पाणी कोसळतं. दिसायला अफाट, पण प्यायला, शेतीला जवळजवळ निरुपयोगी, कारण त्यात गाळच फार.

जमिनीत मुरतं ते मादी पावसाचं पाणी, आणि त्याहून जास्त बर्फाचं. बर्फ हा सगळ्यात सावकाश पडणारा पाऊस म्हणता येईल: डिसेंबरात पडतो, मार्चमध्ये थेंबाथेंबाने सुटतो, आणि तेव्हा थंडी असल्यामुळे त्याची वाफही फारशी होत नाही. त्यामुळे वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला आणि बर्फाच्या जागी पाऊस पडू लागला, तरी जमिनीखालचा भरणा घटतो. तापमानवाढीची चर्चा या भागात बर्फापाशी येऊन का थांबते, ते इथे कळतं.

आता खडक. आपल्या दख्खनचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या अंगात पाणी शिरत नाही. ते राहतं भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात. म्हणून आपल्याकडे शेजारच्या विहिरीला पाणी लागतं आणि आपली कोरडी जाते. नावाहो भूमीतला मुख्य खडक वालुकाश्म आहे. सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या काळात, इथे वाळूच्या टेकड्यांचा अथांग समुद्र होता. त्या टेकड्या गाडल्या गेल्या, वाळूचे कण एकमेकांना चिकटले आणि खडक झाला. त्याला नावच नावाहो सँडस्टोन आहे. कड्यावर आजही तिरक्या रेघा दिसतात. त्या काळी वारा कुठून वाहत होता ते त्या रेघांवरून सांगता येतं. कणांमधल्या बारीक फटी मात्र पूर्ण बुजल्या नाहीत. म्हणजे हा खडक एक दगडी स्पंज आहे.

स्पंजातून पाणी खाली जातं, जोवर खाली चिकणमातीचा घट्ट थर लागत नाही. तो लागला की खाली जायची वाट बंद; पाणी आडवं सरकू लागतं. आणि सरकता सरकता एखादी दरी आडवी आली तर कड्याच्या पोटातून बाहेर पडतं. तळपत्या लाल भिंतीच्या मध्यावर एक ओली काळपट रेघ, तिच्यावर लोंबणारी नेच्याची हिरवी झालर: वर वालुकाश्म, खाली मातीचा थर, आणि त्यांच्या सांध्यावर पाझर. पाणी शोधणाऱ्याने वरचं आभाळ न बघता हा सांधा बघायचा. खाली दरीत कॉटनवुडची झाडं दिसली तर खात्रीच. वड-उंबर जसे आपल्याकडे ओलाव्याची चुगली करतात, तसं हे झाड.

त्या सांध्यावरच्या ओलाव्याने आणखी एक काम केलं. पाझर खडकाचा चुना विरघळवतो, हिवाळ्यात गोठून फुगतो, खपल्या पाडतो. हजारो वर्षांत कड्याच्या पोटात कमानीसारखी प्रचंड कपार तयार होते. त्सेगी कॅन्यनमधल्या अशाच एका कपारीत बेटाटाकिन नावाचं दगड-मातीच्या घरांचं गाव आहे. ते नावाहोंचं नाही, त्यांच्या आधीच्या प्वेब्लो पूर्वजांचं, ज्यांच्याशी आजचे होपी लोक नातं सांगतात. लाकडी वाशांच्या वर्षवलयांवरून कळतं की ही घरं इसवी सन १२६७ ते १२८६ च्या दरम्यान बांधली गेली. १३०० च्या आसपास गाव रिकामं झालं. त्या शतकाच्या शेवटी पडलेला लांब दुष्काळ हे त्याचं एक कारण मानलं जातं. दुसरं कारण, ओढा स्वतःच खोल कापत गेला आणि पात्रालगतच्या शेतांखालचं पाणी खाली उतरलं. म्हणजे पाणी आटलं नव्हतं, मुळांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

कॅन्यन डी शे इथे हेच पाणी आजही जिवंत शेतीला पुरतं. नाव फ्रेंच वाटतं, पण मूळ शब्द नावाहो 'त्सेयी', खडकाच्या आत. तीनशे मीटर उंच लाल भिंतींच्या मधल्या सपाट तळावर मका, भोपळे आणि पीचची झाडं. पात्र वरून कोरडं दिसलं तरी वाळूखाली ओल असते. त्या पीचच्या बागांचा एक काळा इतिहास आहे. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या नेतृत्वाखाली अमेरिकी सैन्याने नावाहोंना शरण आणण्यासाठी पिकं जाळली, मेंढ्या मारल्या आणि या दरीतली हजारो पीचची झाडं तोडली. मग हजारो माणसांना चालवत पूर्वेला बॉस्के रेडोंडो इथे नेलं. तिथल्या पेकोस नदीचं पाणी खारट होतं आणि ते पिऊन माणसं आजारी पडली. १ जून १८६८ रोजी तह झाला आणि ते परत आले. हा तह पुढे पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात यंत्रं आली आणि वरच्या पाझरापर्यंत न थांबता थेट स्पंजात नळी घालता येऊ लागली. नावाहो वालुकाश्मातल्या या मोठ्या साठ्याला भूजलतज्ज्ञ एन-ॲक्विफर म्हणतात. ब्लॅक मेसा या पठाराखाली तो दोन घट्ट थरांमध्ये दाबलेला आहे, आणि तिथलं काही पाणी हिमयुगात मुरलेलं, दहा हजार वर्षांहून जुनं आहे. म्हणजे तिथे नळी लावणं हे मासिक पगारातून खर्च करण्यासारखं नसून पणजोबांनी पुरलेला हंडा उकरण्यासारखं आहे.

त्या हंड्याचं काय झालं? ब्लॅक मेसावर दगडी कोळसा होता. १९७० पासून पीबॉडी कंपनी तो कोळसा कुटून, साधारण तितक्याच पाण्यात कालवून, सुमारे ४४० किलोमीटरच्या पाइपातून नेव्हाडातल्या वीज केंद्राला पाठवत असे. रेल्वे नव्हती, म्हणून कोळसा पाण्यावर वाहून नेला. त्यासाठी वर्षाला जवळपास ५० लाख घनमीटर पाणी उपसलं जाई, पिण्याच्या योग्यतेचं आणि हिमयुगातलं. २००५ च्या अखेरीस हे थांबलं. मला या सगळ्या विषयात याच्याइतकं विचित्र दुसरं काही आढळलेलं नाही.

या उपशावरून बराच वाद झाला, आणि त्यात एक गोष्ट नीट समजून घ्यावी अशी आहे. कंपनीचं म्हणणं असे, एकूण साठ्याच्या मानाने आमचा उपसा किरकोळ आहे. हे गणित चूक नव्हतं, पण अपुरं होतं. दाबाखालच्या साठ्यात महत्त्व असतं दाबाला. पिंपाच्या काठालगत तोटी असेल तर चार बोटं पाणी कमी झालं तरी तोटी बंद पडते. पिंपात अजून नव्वद टक्के आहे हे सांगून उपयोग नसतो. झरे ही त्या पिंपाची काठावरची तोटी. अमेरिकेचा भूवैज्ञानिक विभाग १९७१ पासून इथल्या पातळ्या मोजतो आहे आणि काही विहिरींत पाणी ३० मीटरहून जास्त खाली गेल्याची नोंद आहे. झरे मंदावल्याचं होपी आणि नावाहो म्हातारी माणसं फार आधीपासून सांगत होती.

माळरानावर दुसरं दृश्य दिसतं ते पवनचक्क्यांचं. सरकारने मेंढ्यांसाठी खोदलेल्या शेकडो कूपनलिका, वर लोखंडी पंखा, बाजूला पत्र्याची टाकी. हे पाणी जनावरांसाठी आहे, पण दुसरं जवळ नसेल तर माणसंही तेच पितात. धोका इथे आहे. पुरातन नद्यांच्या वाळूत गाडल्या गेलेल्या लाकडांभोवती भूजलाने युरेनियम आणून साठवलं होतं. ते जोवर खडकात बंद होतं तोवर ठीक. १९४४ ते १९८६ या काळात अण्वस्त्रांसाठी सुमारे तीन कोटी टन खनिज इथून काढलं गेलं आणि पाचशेहून जास्त खाणी उघड्या टाकून दिल्या गेल्या. काही विहिरींत युरेनियम आणि आर्सेनिक पिण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडतं, आणि काही ठिकाणी 'माणसांनी पिऊ नये' अशा पाट्या आहेत. १६ जुलै १९७९ रोजी चर्च रॉक इथे युरेनियम गिरणीचा गाळबंधारा फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सारी, आम्लयुक्त पाणी पुएर्को नदीत गेलं. थ्री माइल आयलंड या अमेरिकेतल्या अणुवीज केंद्राचा अपघात त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. तो जगाला माहीत आहे, हा नाही. २००५ मध्ये नावाहो सरकारने आपल्या भूमीत युरेनियम काढण्यावर बंदी घातली.

मग काठाने वाहणाऱ्या कोलोराडोचं पाणी का नाही? कारण ते कागदावर आधीच वाटलं गेलं. १९२२ मध्ये सात राज्यांनी नदीची वाटणी केली. तेव्हा नावाहोंना त्या टेबलाशी कोणी बोलावलं नाही. अमेरिकेच्या सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्वच १९२४ मध्ये मिळालं. १९०८ च्या विंटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की सरकारने जमातीला जमीन राखून दिली, तर तिथे जगण्यापुरतं पाणीही राखून दिलं असंच धरायचं. म्हणजे हक्क आहे. किती, ते लिहिलेलं नाही. १८६८ च्या तहात बियाणं आणि शेतीची अवजारं आहेत, पाण्याचा आकडा नाही. नावाहोंनी न्यायालयाला विनवलं की आम्हाला किती पाणी लागतं ते सरकारने निदान मोजावं आणि मिळवून द्यायची योजना करावी. २२ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तहाने सरकारवर तशी जबाबदारी टाकलेली नाही.

दरम्यान नावाहो भूमीला लागून लेक पॉवेल हा अवाढव्य जलाशय आहे. त्याच्या पाण्यावर थंड होणारं नावाहो जनरेटिंग स्टेशन २०१९ पर्यंत ब्लॅक मेसाचाच कोळसा जाळत होतं. त्या विजेचा मोठा वाटा कशाला जाई? कोलोराडोचं पाणी शेकडो किलोमीटर कालव्यातून फिनिक्स आणि टुसॉनकडे चढवायला. फिनिक्सच्या उपनगरांत आज कितीतरी मराठी घरं आहेत. गणपतीत तिथे भांडी घासताना नळ सोडला की येणारं पाणी बरीच वर्षं या कोळशाच्या जोरावर वर चढलेलं होतं. कोळसा देणाऱ्या पठारावरच्या अनेक घरांत नळ नव्हता. आजही नावाहो नेशनमधल्या साधारण तीस टक्के घरांत नळाचं पाणी नाही.

पाणी आणायचं म्हणजे पिकअप गाडीत पिंपं किंवा प्लास्टिकची चौकोनी टाकी ठेवायची आणि चॅप्टर हाऊसला जायचं. चॅप्टर म्हणजे तिथली ग्रामपंचायत. एकूण ११० आहेत. तिथल्या नळावर रांग लावायची, भरायचं, कच्च्या रस्त्याने परत. पेट्रोलचा हिशोब धरला तर हे पाणी शहरातल्या नळाच्या पाण्यापेक्षा कित्येक पट महाग पडतं. पाइप टाकणं अवघड आहे हे खरंच: घरं विखुरलेली, मेंढ्यांच्या कुरणांप्रमाणे एकमेकांपासून दूर, मध्ये कडे आणि वॉश. पण हेच कडे ओलांडून कोळशाचा पाइप आणि विजेच्या तारा नेल्या गेल्या, हेही तितकंच खरं.

वाटाघाटींतून काही मिळालं आहे. युटातल्या नावाहोंसाठी वर्षाला ८१,५०० एकर-फूट, म्हणजे आपल्या हिशोबात साडेतीन टीएमसी पाणी मान्य करणारा करार २०२२ मध्ये सह्या होऊन पुरा झाला. न्यू मेक्सिकोत सान हुआन नदीचं पाणी सुमारे ४८० किलोमीटरच्या पाइपांनी ४३ चॅप्टर आणि गॅलप शहरापर्यंत नेण्याचं काम चालू आहे. ॲरिझोनाचा करार नावाहो, होपी आणि सान हुआन सदर्न पायूट या तिन्ही जमातींनी २०२४ मध्ये आपापल्या परीने मंजूर केला. अशा कराराला अमेरिकी काँग्रेसचा कायदा आणि पैसा लागतो.

जिथे पाइप पोचायला वर्षं लागतील तिथे एक साधी व्यवस्था बसवली जाते. घराशेजारी सुमारे साडेचार हजार लिटरची टाकी, टँकरने भरायची; सौरऊर्जेवरचा छोटा पंप, गाळणी, पाणी तापवायचं यंत्र आणि स्वयंपाकघरात एक सिंक. टाकी जमिनीखाली पुरतात. हे वाळवंट उंचावरचं आहे, आणि वर ठेवलेली टाकी जानेवारीतल्या एका रात्रीत गोठून तडकते.